कंसातली होडी

दोन शेजारी देशांत भांडण लावायला अक्कल लागत नाही. ते काम कोणीही रिकामटेकडा चहा पिता पिता करू शकतो. पण तेच भांडण वीसेक वर्षं न वाढवता, न मिटवता, मंद आचेवर ठेवायचं असेल तर त्याला विद्वानच हवा. तसे एक विद्वान होते. परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक. त्यांचं खरं नाव संस्थेतल्या त्यांच्या दारावर पितळी पाटीत कोरलेलं होतं, पण शिपायानं ती पाटी इतक्या निष्ठेनं घासली होती की अक्षरं केव्हाच गुळगुळीत झाली. मग विद्यार्थी त्यांना माघारी ज्या नावानं हाक मारत तेच उरलं: कंसमामा.

मामांनी कोणाचं वाकडं केलं नव्हतं, आणि भाचे तर त्यांना औषधालाही नव्हते. नाव पडलं ते धंद्यावरून. दोन देशांची माणसं मिळून निवेदन लिहायला बसली की ज्या वाक्यावर जमत नाही ते चौकटी कंसात टाकायचं, अशी त्या धंद्यातली रीत. कंसात टाकलं म्हणजे नाकारलं नाही आणि मानलंही नाही. घोंगडं भिजत पडलं. अशी घोंगडी भिजत घालण्यात मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी बायकोनं विचारावं, "अहो, न्हाणीघराचा नळ गळतोय, प्लंबरला बोलवायचं का?" तर मामा पुस्तकातून डोकं न काढता म्हणत, "ते कंसात ठेव." नळ अकरा ऋतू गळला असं शेजारी सांगत. शेजाऱ्यांचं काय खरं धरायचं!

तर दोन्ही देशांची सरकारं एकमेकांशी बोलत नसत. अबोला पुष्कळ जुना, कशावरून धरला तेही पुरतं कोणाला आठवत नव्हतं. पण साफच तोडून भागत नाही, म्हणून दर वर्षी तिसऱ्याच एका देशात, तळ्याकाठच्या हॉटेलात, दोन्हीकडचे अभ्यासक आणि निवृत्त राजदूत अनौपचारिक बोलणी करायला जमत. अनौपचारिक म्हणजे काय, तर टेबलावर झेंडे नसत. झेंड्यांच्या जागी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या वाट्या असत.

टेबलाच्या या बाजूला मामा. त्या बाजूला पलीकडच्या देशाचे म्होरके: मामांच्याच वयाचे, मामांच्याच विषयाचे, भर उन्हाळ्यातही लोकरीची टोपी न काढणारे. बैठकीत हे दोघं एकमेकांना "माझे पलीकडचे सन्माननीय सहकारी" म्हणत आणि पेन्सिली मोडेपर्यंत भांडत. बैठक संपली की तळ्याला चक्कर मारायला निघत आणि "अरे", "तुरे" वर येत. भाषा दोघांची जवळजवळ एकच. फरक फक्त शिव्यांत, तोही उच्चारापुरता. एकाच्या नोट्स दुसऱ्याच्या बॅगेत सापडायच्या, दुसऱ्याच्या गोळ्या पहिल्याच्या खिशात. मामा घरी आले की बायको पहिला प्रश्न विचारी, "कसे आहेत आपले शत्रूभावजी?"

हे नाव तिनंच ठेवलेलं. भावजींना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण भावजींच्या बायकोशी, म्हणजे वहिनींशी, महिन्यातून एकदा फोन होई. फोनवर राजकारण अगदी वर्ज्य, कारण त्या लायनीवर तिसरा कान असायचा. कान चांगला ओळखीचा झाला होता. त्याला बारमाही खोकला. एकदा वहिनींनी खोकल्यावर काढा सांगितला, तर पुढच्या महिन्यात कान ठणठणीत झालेला.

आता कंसातलं वाक्य. दोन देशांच्या मधून एक नदी जात होती. पूर्वी तिच्यात होडी चालायची. या काठची माणसं त्या काठी बाजाराला, दवाखान्याला, पोरीला भेटायला जात. ती होडी बंद पडून एक पिढी म्हातारी झाली. ती पुन्हा सुरू करावी यावर दोन्हीकडचं एकमत. होडीचा रंग, तिकिटाचा आकार, भोंग्याचा आवाज, सगळ्यावर एकमत. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी: पहिली होडी कोणत्या काठावरून सुटणार? मामा म्हणायचे, आमच्या. टोपीवाले म्हणायचे, आमच्या. वाक्य कंसात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यात एक मेख होती. ज्या संस्थेनं हे तळं, हॉटेल आणि गोळ्या पुरवायचं पत्करलं होतं, तिचा नियमच असा की मतभेद शिल्लक असेतो बैठक. कंस रिकामा झाला की काम फत्ते, मंडळींनी आपापल्या घरी जावं. मामा आणि टोपीवाले दोघंही हे ओळखून होते. ते तोंडानं कधी बोलले नाहीत. पण होडी किनाऱ्याला लागू नये याची काळजी दोघांनीही पोटच्या पोरासारखी घेतली. कारण बैठक नाही तर भेट नाही. एकमेकांच्या देशात जायला परवाना लागतो, आणि परवान्याला कारण लागतं.

त्या वर्षी मात्र माशी शिंकली.

निघायच्या आधी बायकोनं मामांना सांगितलं, "वहिनी फोनवर रडल्या हो. भावजींच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणे, आता त्रागा नको, भांडण नको."

 विमानभर मामा खिडकीबाहेर ढग बघत बसले. या माणसानं आयुष्यभर आपल्याशी भांडून काय मिळवलं? एक टोपी आणि छातीतली कळ. एकदा तरी जिंकू दे बापड्याला.

बैठकीची रीत अशी होती: शेवटच्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंनी अध्यक्षबाईंच्या कानात आपली अखेरची भूमिका सांगायची. चारचौघांत कोणी वाकल्याचं दिसू नये म्हणून ही सोय. अध्यक्षबाई तिसऱ्या देशाच्या. उंच, कामसू, आणि सगळं वेळेवर संपलं की खूश होणाऱ्या. वर्षानुवर्षं त्यांच्या उजव्या कानात "भूमिका कायम" आणि डाव्या कानातही "भूमिका कायम" पडत आलं होतं.

त्या सकाळी बाई तळ्यावर बदकांना पाव टाकत होत्या. मामा हळूच शेजारी जाऊन उभे राहिले.

"पहिली होडी त्यांच्या काठावरून सुटू दे," ते म्हणाले.

बाईंच्या हातातला पावाचा अख्खा तुकडा पाण्यात पडला. "नक्की?"

"नक्की. पण मी सांगितलं असं म्हणू नका. बदकांनी सांगितलं म्हणा."

मनात म्हणाले, एका होडीनं काय होतंय, निवेदन छापायच्या आत भोंग्यावरून नवा कंस उकरून काढू. हलक्या अंगानं ते सभागृहात येऊन बसले. समोर टोपीवालेही आज विलक्षण शांत. मामांना वाटलं, औषधाचा परिणाम.

अध्यक्षबाई आल्या त्या जवळजवळ धावतच. चेहरा असा, की जणू लग्नाला नकार देत आलेली घरची पोर अखेर हो म्हणाली.

"सन्माननीय सदस्यहो! आज सकाळी मला दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट सांगितली. या बाजूचं म्हणणं, पहिली होडी त्यांच्या काठावरून सुटावी. त्या बाजूचं म्हणणं, पहिली होडी यांच्या काठावरून सुटावी. हा मोठेपणा पाहून मी ठरवलं आहे: दोन होड्या, दोन काठ, एकच वेळ. दोन्ही पहिल्या! कंस रिकामा झाला आहे. आपलं काम संपलं."

टाळ्या पडल्या. एक निवृत्त राजदूत रडले. ते तसे कशालाही रडत. मामा आणि टोपीवाले एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचे चेहरे माशी गिळल्यासारखे.

लॉबीत, कुंडीतल्या भल्यामोठ्या झाडामागे, टोपीवाल्यांनी मामांची बाही धरली.

"तुला कोणी सांगितला होता हा मोठेपणा?"

"आणि तुला रे? तुला कोणी सांगितला?"

"मी तुझ्या खोलीसाठी केलं! तुझ्या बायकोनं हिला सांगितलं, तुमच्या संस्थेनं तुझी खोली काढून घेतली, पुस्तकं बाहेर ओसरीत टाकली. म्हटलं, एक विजय पदरात पडला तर ठेवतील म्हाताऱ्याला."

"अरे शहाण्या, रंग द्यायला रिकामी केली होती ती खोली! पिवळा दिलाय. घाण दिसतो. पण मी आहे तिथंच."

"रंग?"

"रंग. आणि मी तुझ्या छातीसाठी वाकलो."

"माझ्या छातीला काय धाड भरलीय?"

"कळ आली होती ना?"

"गॅस होता तो!" टोपीवाले ओरडले. स्वागतकक्षातली मुलगी दचकली. "डॉक्टरनं सांगितलं, जेवून लगेच वाचत आडवं पडू नका. तुझ्या वहिनीला राईचा पर्वत करायची सवय आहे हे तुला इतक्या वर्षांत कळू नये?"

दोघं कोचावर बसले.  मग मामा म्हणाले, "दोघांनीही माणुसकी आवरली असती ना, तर भागलं असतं."

"अजून निवेदन छापायला गेलं नाही. दुपारपर्यंत वेळ आहे. भांडू या."

"कशावर?"

"काहीही काढ."

मामांनी डोकं खाजवलं. "तुमच्याकडचे बगळे आमच्या काठावर घरटी करतात."

"करोत की. चांगलीच गोष्ट आहे."

"असं नाही म्हणायचं, मूर्खा!"

"बरं, बरं. आमच्या बगळ्यांना तुमच्याकडे त्रास होतो. आमच्याकडे तक्रारी आहेत."

तेवढ्यात अध्यक्षबाई फाईल घेऊन तिथूनच गेल्या. "बगळे? ते परिशिष्टात घेतलेत. मुक्त संचार." आणि हसून पुढं गेल्या. नंतर दोघांनी धुकं काढलं, वाळू काढली, नदीचा आवाज कोणाच्या बाजूला मोठा येतो तेही काढलं. प्रत्येक वेळी बाई कुठून तरी उगवत आणि मिटवून जात. इतकी वर्षं जे मिटू नये म्हणून दोघांनी जिवाचं रान केलं, ते मिटवायचा बाईंना आता नादच लागला होता.

विमानतळावर दोघांचे दरवाजे वेगळे. टोपीवाल्यांनी टोपी काढली. कंसमामांनी पहिल्यांदाच पाहिलं: डोक्यावर एक केस नव्हता.

"येतो," टोपीवाले म्हणाले.

"येतो," मामा म्हणाले.

जाताना जातो म्हणायचं नसतं म्हणून म्हटलं, एवढंच. पण येणार कुठं, ते त्या दिवशी दोघांनाही माहीत नव्हतं.

घरी बायकोनं दार उघडलं. तिच्या हातात सुया, सुयांवर अर्धा स्वेटर. भावजींसाठी, पुढच्या वर्षी न्यायला.

"काय झालं?"

"यश आलं."

"मग तोंड असं का, कोणी गेल्यासारखं?"

मामांनी सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. "म्हणजे वहिनींनी छातीचं वाढवून सांगितलं आणि मी खोलीचं."

"तू खोलीचं काय सांगितलंस नेमकं?"

"हेच की तुम्ही पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर बसून डबा खाताय. खोटं होतं का ते?" ती सुईवरचे टाके मोजू लागली. "रंगाचं सांगायचं राहिलं."

"आता?"

"आता काय! तुम्ही दोघं भांडायचे पगार घेता आणि ऐन वेळी गळ्यात गळे घालता. धंद्याला काही इमान असतं की नाही?"

मामांनी सरळ मार्गही चोखाळून पाहिला. परवाना कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईनं विचारलं, "भेटीचं कारण? व्यापार, उपचार, की नातेवाईक?"

"भेट," मामा म्हणाले.

"भेटीचं कारण भेट कसं असेल? कोणाला भेटायचंय? नातं काय?"

मामांनी विचार केला. आयुष्यभर अचूक शब्दाच्या मागे लागलेला माणूस, खोटं बोलवेना. "शत्रू," ते म्हणाले.

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "त्याच्यासाठी वेगळं खातं आहे. तिथं परवाना लागत नाही, रणगाडा लागतो. पुढचे या."

आणि मग ती नवलाची गोष्ट घडली, जी मामांच्या सगळ्या पुस्तकांत मिळून एकदाही सांगितलेली नव्हती: सरकारांनी विद्वानांचं ऐकलं. त्या हंगामात दोन्हीकडच्या मंत्र्यांपाशी लोकांना दाखवायला दुसरं काहीच नव्हतं. कोणाच्या तरी कपाटात ते निवेदन सापडलं. होडी! दोन होड्या! महिन्याला एक खेप, पहिल्या खेपेला बँड, फुगे, पाहुणे. पाहुण्यांनी पलीकडच्या काठाला पाय लावायचा नाही, होडीतूनच हात हलवायचा आणि त्याच होडीतून परत यायचं, एवढी एक अट.

जलवाहतूक खात्याच्या सचिवबाईंचा मामांना फोन आला. "सर, होडीवाल्यांसाठी नियम करायचेत. दोन्ही होड्या एकाच वेळी सुटणार, मध्ये समोरासमोर आल्या तर काय करायचं, तेवढं एक कलम तुम्ही लिहून द्या. तसं काही नाही म्हणा, नदी रुंद आहे, होतील आपल्या बाजूला."

मामांनी फोन ठेवला आणि नदीच्या खोलीचा नकाशा पिवळ्या भिंतीवर पसरला. आणि ते खुर्चीतून हळूहळू उठले.

नदी रुंद होती खरी, पण होडीच्या वाटेच्या दोन्ही अंगांना गाळ. इंजिनाच्या होडीला पुरेल एवढं पाणी फक्त या काठापासून त्या काठापर्यंत तिरप्या गेलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात होतं, आणि तो पट्टा एका होडीचा. ऐन मध्यावर बाजूला एक डोह होता. एका होडीनं डोहात शिरून थांबायचं, दुसरीनं पुढं जायचं, एवढाच काय तो मार्ग. अध्यक्षबाईंनी दोन होड्या एकदम सोडल्या, टाळ्या पडल्या, आणि तिथल्या एकाही विद्वानाच्या डोक्यात पाण्याची खोली आली नव्हती. मामांच्याही नाही. मामा स्वतःवरच खुदकन हसले.

समंजस कलम एका ओळीचं होतं: प्रवाहाविरुद्ध येणारीनं थांबावं, किंवा आळीपाळीनं थांबावं. मामांनी पेन्सिल उचलली, ती ओळ लिहिली, आणि तिच्याकडे बघत बसले. मग खोडली.

संध्याकाळी त्यांनी बायकोला नवं कलम वाचून दाखवलं. "समोरासमोर आल्यास दोन्ही होड्यांनी सुरक्षित अंतरावर इंजिन बंद करून नांगर टाकावा. कोणत्याही परिस्थितीत आपली होडी आधी बाजूला होणार नाही. कोणी बाजूला व्हावं हे होडीत उपस्थित असलेल्या तज्ज्ञांनी सभ्य भाषेत चर्चा करून ठरवावं."

बायकोच्या सुया थांबल्या. "आयुष्यभर लोकांना सांगत आलात, शेजाऱ्याशी थोडं वाकून वागा."

"हो."

"आणि आता हे?"

"गेल्या खेपेला वाकलो त्याचं काय झालं ते पाहिलंस ना!"

ती थोडा वेळ विणत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. "अहो, पण त्यांच्याकडचं कलम भावजीच लिहिणार ना? त्यांनी जर लिहिलं, आमची होडी बाजूला होईल, तर?"

"तर त्यांची होडी डोहात जाईल, आपली भुर्रकन पुढं जाईल, आणि आपण दोघं हात हलवत राहू. संपलं."

"मग विचारा की फोनवर."

"तिसऱ्या कानासमोर? सरकारी कलम आहे ते. दोघांच्याही घरी पोलीस येतील."

"मग?"

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्या आयुष्याचा अभ्यास एकाच प्रश्नावर येऊन ठेपला होता: हा माणूस वाकेल की नाही? गेल्या खेपेला त्यांनी ठाम अंदाज बांधला होता, आणि तो साफ चुकला होता. टोपीवाल्याच्या अंगात चांगुलपणा किती भिनलाय याचा त्यांना आता पक्का अंदाज आला होता, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटत होती.

"मग काय," ते म्हणाले, "देवानं त्याला थोडी दुर्बुद्धी द्यावी."

खेपेच्या दिवशी ऊन लखलखीत होतं. बँडवाल्यांनी दोनच सुरावटी बसवल्या होत्या, त्या ते आलटून पालटून वाजवत होते. मामा तज्ज्ञ म्हणून पुढच्या बाकावर, शेजारी बायको, दोघांच्या अंगात नारिंगी फुगीर जाकिटं. बायकोच्या मांडीवर कापडी पिशवीत स्वेटर. भोंगा झाला. पलीकडूनही भोंगा झाला, हुबेहूब तसाच; त्यावर एकमत झालंच होतं.

नदीच्या मधोमध पलीकडची होडी दिसली. आधी ठिपका, मग भोपळा, मग होडी. मामांनी बाक घट्ट धरला. होडी सरळ येत होती. डोह जवळ आला. आणि त्या होडीचं नाक हळूच डोहाच्या बाजूला वळलं.

"वळली," बायको म्हणाली. 

मामांनी डोळे मिटले. मनात म्हणाले, मेल्या, शेवटी सज्जनपणा केलासच.

"अहो, बघा! अहो!"

त्यांनी डोळे उघडले. वाहत आलेला एक ओंडका त्या होडीच्या अंगाला घासून मागं गेला, आणि नाक पुन्हा सरळ. अगदी सरळ. यांच्या नाकासमोर. दोन्ही इंजिनं एकदम बंद झाली. दोन्ही नांगर एकदम पडले. नदीवर इतकी शांतता झाली की काठावरच्या बँडातला चुकीचा सूरसुद्धा ओळखू आला.

या होडीचा नावाडी उठला. "ओ पाहुणे! बाजूला घ्या!"

पलीकडचा नावाडी उठला. "तुम्ही घ्या!"

"आमच्या कलमात नाही!"

"आमच्याही नाही! आमच्यात तर लिहिलंय, कोणत्याही परिस्थितीत नाही!"

त्या होडीच्या पुढच्या बाकावरून एक लोकरीची टोपी वर आली.

"हे असलं अडेल कलम तुमच्याकडे कोणत्या गाढवानं लिहिलं?" टोपीखालून प्रश्न आला.

मामा उभे राहिले. होडी डुगडुगली, बायकोनं मागून जाकीट धरलं. "ज्या गाढवानं तुमचं लिहिलं, त्याच्याच गोठ्यातल्यानं!"

"सभ्य भाषा!" दोन्ही नावाडी एकदम म्हणाले. तेही कलमात होतं.

नांगरांच्या दोऱ्या थोड्या थोड्या सैल करत होड्या इतक्या जवळ आणल्या की हात पोचेल. टोपीशेजारी एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या, जाकिटात पार बुडालेल्या, नुसते डोळे आणि चष्मा दिसत होता.

"वहिनी?" मामांची बायको म्हणाली.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "फोनवर तू चांगली उंच वाटायचीस!"

पुढं किती वेळ गेला ते काठावरच्यांना विचारा. मंत्र्यांचं भाषण संपलं, फुगे सुटले, बँडवाल्यांनी तिसरी सुरावट जागेवरच रचली. दुर्बिणीतून बघणाऱ्यांनी वर कळवलं की चर्चा तीव्र आहे, तज्ज्ञ हातवारे करताहेत, महिला प्रतिनिधींनीही हस्तक्षेप केला आहे. हस्तक्षेप म्हणजे मामांच्या बायकोनं पिशवीतून स्वेटर काढून पलीकडे दिला होता. भावजींनी भर उन्हात, जाकीट काढून, तो अंगात घातला. बाह्या कोपराशीच संपल्या.

"हे काय हो केलंत?" मामांची बायको नवऱ्यावर उखडली. "तुम्ही म्हणालात, माझ्याच मापाचे आहेत!"

"टेबलापलीकडून तसंच वाटायचं," मामा म्हणाले.

अखेर नावाड्यानं खाकरून विचारलं, "साहेब, ठरलं का? होडीत माणसं आहेत, पोटात कावळे ओरडताहेत."

दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं. मग टोपीवाल्यांनी घसा साफ केला आणि सभागृहातला जुना आवाज काढला. "मूळ मतभेद कायम आहेत. तथापि आमच्या भूमिकेला कसलीही बाधा न येता, केवळ आजच्या खेपेपुरती, आमची होडी डोहात थांबेल."

"आम्ही याची नोंद घेतो," मामा म्हणाले. "आणि आमच्याही भूमिकेला बाधा न येता स्पष्ट करतो की पुढच्या खेपेला हा प्रश्न पुन्हा अगदी मुळापासून चर्चेला घ्यावा लागेल."

"तज्ज्ञांच्या उपस्थितीत."

"अर्थात. त्याशिवाय कायदेशीर कसं होईल?"

नावाड्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे दर महिन्याला हे असंच?"

"भावजी, हात जरा लांब करा बघू," मामांची बायको पलीकडे वाकून म्हणाली, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत वीत टाकून मोजू लागली. "सव्वातीन विती. विती काही खऱ्या नाहीत. पुढच्या खेपेला मी मोजपट्टी आणते."

इंजिन सुरू झालं. पलीकडची होडी डोहात सरकली, ही पुढं निघाली. आखूड बाह्यांचे दोन हात हवेत उंच झाले.

"येतो रे!" तिकडून ओरड आली.

"ये तर खरा," मामा ओरडले, "आणि येताना जरा तयारी करून ये! तुझा आजचा मुद्दा फार लंगडा होता!"